एक आडवा फेरा

भोकरदनहून हसनाबादला निघालेल्या काळीपिवळी जीपमध्ये त्या सकाळी चौदा माणसं होती, आणि ड्रायव्हर सिराजोद्दीनला त्यांतलं एकही नको होतं. धंद्याचा त्याला कंटाळा होता असं नाही. बावीस वर्षं तो याच रस्त्यावर सीटं भरत आला होता. पण महिन्यापूर्वी जालन्याला बहिणीकडे गेला असताना त्यानं केबलवर एक भलतंच पाहिलं, आणि तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"मोटार, सर," शेजारी बसलेल्या धर्मराज सरांना तो सांगत होता, "सरळ न्हाई, आडवी चालल्ती. मागचे चाकं घसरून राह्यले, धुरळा उडून राह्यला, आन् लोकं टाळ्या वाजवून राह्यले! ड्रिफ्टिंग म्हणत्यात. मंग त्या डायवरला कप देला. बराबर एवढा!"

बावीस वर्षांत सिराजची गाडीही चारपाचदा आडवी गेली होती. दर वेळी लोकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

धर्मराज सर हसनाबादच्या शाळेत खेळ शिकवत. त्यांनी मान हलवली. "त्याला खेळ न्हाई म्हणता येणार, सिराजभाई. खेळाला अंग लागतं, दम लागतो. इथं गाडी पळती, माणूस नुसता बसून."

"नुसता बसून? हे स्टेरिंग एक दिवस फिरवून बघा. दंडबैठका इसरून जाताल."

"मंग शंकरपटाचं काय?" कडेला बसलेल्या कडूबानं तोंड घातलं. "तिथं बी माणूस बसूनच ऱ्हातो. पळत्यात बैलं."

"तो खेळ बैलांचा."

"मंग हा जीपचा," कडूबा म्हणाला. "कप जीपला द्या."

सिराजला यातलं काहीच पटलं नाही. कप नाही मिळाला तरी चालेल, पण एकदा, आयुष्यात एकदाच, रिकामं मैदान आणि रिकामी गाडी मिळावी एवढंच त्याचं मागणं होतं. मैदानं होती. रिकामी गाडी नव्हती. सकाळी दारातून काढली की गल्लीच्या तोंडाशीच कुणीतरी हात करून उभं. गेल्या आठवड्यात तो बाजाराच्या मैदानात मुद्दाम एकटा गोल फिरायला लागला, तर गाडी सीटं गोळा करतेय असं समजून सहाजण धावत येऊन बसले. एकानं तर उशीर केला म्हणून वर दमही दिला.

हसनाबादच्या अलीकडे पुलाचं काम चाललं होतं, म्हणून गाड्या शेजारच्या मोकळ्या माळावरून वळवल्या होत्या. रात्री पाऊस पडून गेलेला. खाली मुरूम, वर बोटभर चिखल, आणि दूरवर चिटपाखरू नाही. सिराजचा पाय आपोआप ढिला पडला.

"दोनच मिनटं उतरता का सगळे? एक चक्कर मारतो, लगीच घेतो."

"उतरू? कडेची जागा सोडून?" कडूबा म्हणाला. "भोकरदनपासून धरून बसलोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "आधी म्होरचे उतरू द्या." पुढचे म्हणाले, आधी मागचे. कुणी हललं नाही.

सिराजनं सुस्कारा सोडून गाडी पुढं काढली. पण डोळे माळावर आणि चाक वाटेवर, असं कुठवर चालणार? मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि जागेवर भिरभिरायला लागलं. आता मात्र सगळ्यांना उतरावंच लागलं. लेकीकडे निघालेल्या म्हाताऱ्या द्वारकाबाईला गाठोड्यासकट लांब बाभळीखाली बसवलं. बाकी तेराजण मागून भिडले. धर्मराज सर कवायतीच्या आवाजात ओरडले, "एक, दोन, तीन!"

जीप उसळून बाहेर आली. सिराजनं आरशात पाहिलं. बाकडी रिकामी होती. समोर अख्खा माळ होता.

त्याच्या पायानं त्याला विचारलंच नाही. दुसरा गिअर, स्टेरिंग एका दमात वळवलं, आणि गाडीची मागची बाजू सुटली. जीप आडवी झाली आणि आडवीच चालली. पूल, बाभळ, माणसं, आभाळ, सगळं काचेपुढून शांतपणे सरकत गेलं. कुणी 'जल्दी चला' म्हणत नव्हतं, कुणी 'इथंच थांबवा' म्हणत नव्हतं. एक पुरा फेरा मारून गाडी निघाली होती तिथं येऊन थांबली.

तो उतरला. समोर तेरा चिखलाचे पुतळे उभे होते. सर कोण आणि कडूबा कोण, हे बोलल्याशिवाय कळेना.

"सर, कसं दिसलं?"

"दिसलं?" एक पुतळा थुंकत म्हणाला. "गाडी निघताना पहिला सपकारा डोळ्यांत बसला! माझ्या शाळेचं काय करू आता?"

सिराज एकेकाला विचारत गेला. सगळेच डोळे चोळत होते. शिव्या सगळ्यांनी दिल्या, पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. आत बसलेल्या त्याला तरी कुठं दिसलं होतं?

मग त्याला बाभळ आठवली. तो जवळजवळ पळतच गेला. द्वारकाबाई कोरडी ठणठणीत बसली होती.

"आजी, तुम्ही तरी बघितलं?"

"बघितलं की."

"कसं दिसलं, आजी?" सिराज तिच्यापुढं उकिडवा बसला.

म्हातारीनं जरा विचार केला. "मला वाटलं, गेला गं बाई हा, आम्हाला इथंच टाकून. छातीत धस्स झालं." मग तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पर मंग तू वळला. लई बरं वाटलं बग, बाबा."

सिराजनं तिचं गाठोडं उचललं, आणि तिला हाताला धरून हळूहळू गाडीकडे नेलं.