अठ्ठेचाळीस जोड्यांचा जॅकपॉट

फ्रीज बंद पडला आणि बाईंच्या सत्तर कप आइस्क्रीमचं दूध झालं. बाईंचा आइस्क्रीमचा घरगुती धंदा होता आणि घर चालायचं ते त्याच्यावर, मास्तरांच्या पेन्शनवर नव्हे. त्यांनी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मास्तरांच्या हातात दिले आणि मेकॅनिकला नेऊन द्या म्हणाल्या. चूक झाली ती इथेच. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाच्या हाती मोजून पैसे द्यावेत का?

मेकॅनिक सलूनमध्ये दाढीसाठी बसला होता. मास्तर तिथे पोहोचले तेव्हा बाकावर जॅकपॉटची चर्चा रंगली होती. ओळीने पाच शर्यती, पाचही जिंकणारे घोडे आधीच सांगायचे. कुणी नाव गोड आहे म्हणून घोडा घेत होतं, कुणी जॉकीचा शर्ट लाल आहे म्हणून. मास्तरांचं डोकंच फिरलं. बाकावरचे निम्मे त्यांचेच विद्यार्थी, आणि ही अक्कल!

सलूनवाला नको नको म्हणत असताना त्यांनी साबणाची वडी उचलून आरशावर लिहायला घेतलं. पहिल्या आणि शेवटच्या शर्यतीत भरवशाचा एकेकच घोडा. दुसरीत दोन, तिसरीत तीन. चौथीचा कुणालाच अंदाज नाही, म्हणून तिथले आठच्या आठ. सगळ्यांचा गुणाकार अठ्ठेचाळीस, म्हणून तिकिटं अठ्ठेचाळीस.

"मागच्यांना कळलं का?" त्यांनी बाकाकडे वळून विचारलं.

कळलं होतं. सगळ्यांनी आरशाचे फोटो काढले. मास्तरांनी पैसे पुढे केले तेव्हा मेकॅनिक तोंडावरच्या फेसातून म्हणाला, "सर, मला संध्याकाळी द्या. आत्ता तुम्हालाच लागतील." आता याला उत्तेजन म्हणायचं नाही तर काय?

दुपारी अठ्ठेचाळीस तिकिटं काढून मास्तर रेडिओला कान लावून बसले. पहिली शर्यत बरोबर आली. दुसरी आली, तिसरीही आली. तेव्हा कुठे त्यांनी फ्रीजचे पैसे कुठे गेले ते बाईंना सांगितलं. बाई जे बोलल्या ते चौथ्या शर्यतीच्या गोंगाटात नीट ऐकू आलं नाही. चौथीत कुणी ढुंकूनही न पाहिलेला घोडा पहिला आला आणि बाई बोलता बोलता थांबल्या. पाचवीत मास्तरांचा घोडा नाकभर पुढे निघाला, तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, दोन दारांचा फ्रीज स्वयंपाकघरात मावेल का? मास्तरांनी लगेच पट्टीने भिंत मोजली.

पैसे घ्यायला मास्तर मैदानावरच्या खिडकीपाशी गेले, तर रांगेत त्यांच्यापुढे सलूनमधली सगळी गिऱ्हाइकं उभी होती. गिऱ्हाइकांच्या पुढे मास्तरांची दहावीची जुनी तुकडी. फोटो कुठून कुठे गेला होता कोण जाणे. जॅकपॉटची रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते, तीही मैदानवाल्यांनी आपला वाटा कापून घेतल्यावर. मास्तरांच्या हाती एकतीस तिकिटांचे पैसे पडले. जिंकून! पाच शर्यती जिंकून सतरा तिकिटांचा तोटा!

"ही सरळ सरळ कॉपी आहे," मास्तर रांगेवर कडाडले.

"सर, फळ्यावर तुम्हीच लिहिलंत," मेकॅनिक म्हणाला. तोही चिडला होता. त्याच्या मते त्याचा वाटा सरांमुळे कमी झाला.

संध्याकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन घरी आला, फ्रीज उघडला, पैसे मोजले आणि एवढ्या पैशांत कॉम्प्रेसर येणार नाही म्हणाला. नुसती साफसफाई करून देतो, हवं तर.

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"चाळीस वर्षं शिकवलंत तुम्ही. इतक्या वर्षांत सगळा वर्ग एकदाच पास झाला, आणि तोही माझ्या फ्रीजच्या पैशांवर."

मास्तर ताडकन उठले. हे काही त्यांना सहन झालं नाही.

"सगळा कुठे?" ते म्हणाले. "सलूनवाला नापास झाला. चौथीत आठ सांगूनही त्या गाढवाने सातच घोडे घेतले."