कूलरचा जबाब

आमचे शेजारी निमजे काका रोज सकाळी तांब्याभर पाणी मोकळ्या जमिनीला घालायचे. तिथे तुळस नव्हती, फूलझाड नव्हतं, गवताची काडीही नव्हती. कुंपणाजवळ हातभर जागा आणि तिच्यावर एक पालथं कवेलू, म्हणजे छपराचं कौल. काका ते उचलून मन लावून पाणी सोडायचे. बदली होऊन मी नागपुरात नवा आलो होतो. मला वाटलं, खाली एखादा देव असावा. बायकोचं मत पडलं की धन पुरलं असावं. शेवटी न राहवून विचारलं.

"अर्थिंग आहे गा ते," काका म्हणाले. "खाली मीठ-कोळसा भरला आहे. उन्हाळ्यात जमीन सुकते. सुकली का करंट खाली उतरत नाही, मंग तो माणसात उतरते."

काका नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनींच्या, ऑफिसात जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेले. घराणं मूळचं उमरेडच्या विणकरांचं. मागावर धागा तुटला तर वडील एकेक धागा बोटानं चाचपत तुटका शोधायचे म्हणे. काकांकडे माग नव्हता, चाचपायची सवय मात्र आली होती, आणि तिला कचेरीतल्या चौकशीची जोड मिळाली होती. घरातली वस्तू बिघडली की ते ती दुरुस्त करत नसत, तिचा जबाब घेत. "वस्तू खोटं बोलत नाही गा," असं म्हणायचे आणि चष्मा पुसून पुढे जोडायचे, "माणूस बोलते."

गल्लीतला पहिला ट्रिपचा स्विच काकांचाच. भाच्याकडून मुंबईहून मागवलेला. कुठे करंट गळला की तो आपण होऊन पडतो आणि घराची वीज तोडतो. बसवला त्या दिवशी काकांनी शेजारपाजाऱ्यांना ओसरीवर जमवलं, रबरी चपला घातल्या आणि स्विचवरचं पिवळं बटण दाबलं. खट्! दांडी खाली, पंखे बंद. "हे दाबून पाहाचं. पडला म्हणजे राखण करून राहिला." आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या.

त्याच उन्हाळ्यात काकांची मंदा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली आणि पाठोपाठ नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. नागपुरात नवतप्याचे दिवस कूलरशिवाय काढणं म्हणजे तव्यावर बसणं. मंदा आणि बाळ कूलरसमोर निजायची आणि दुपारची जेवणं आटोपली की, खट्! सगळं बंद. माजघरातून काकूंची हाक यायची, "आवो, लाईट गेली!"

खरं तर दांडी वर केली की काम झालं असतं. पण काका चौकशी पुरी झाल्याशिवाय दांडी वर करत नसत. "पुरावा मिटते!" मग त्या उकाड्यात इस्त्रीचा जबाब, मिक्सरचा जबाब. मोरीतला दिवा तर त्यांनी संशयावरून उतरवूनच ठेवला. इकडे बाळ रडून लालबुंद.

"पैले चालू तं करा!" काकू म्हणायच्या.

वायरमन येऊन म्हणाला, तो ट्रिपचा डबाच काढून टाका, कूलर झक्कास चालेल.

"कुत्रं भुंकते म्हणून कुत्रंच हाकलाचं का?" काका भडकले. "चोर शोधाचा!"

जावई अमरावतीहून आले, घामानं निथळत तासभर बसले आणि शांतपणे म्हणाले, "मामाजी, रविवारपर्यंत कूलर सुधरला तं ठीक. नाही तं दोघींले घेऊन जातो." काका नातीच्या कपाळावरचा घाम उपरण्यानं टिपत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची चेष्टा करावीशी वाटली नाही.

शनिवारी काकांनी घरातली एकूण एक वस्तू सुटी केली. चालू राहिला फक्त कूलर. जेवणं झाल्यावर काका आणि मी अंगणात, खिडकीबाहेर आलेल्या कूलरच्या आडोशाला वायरींवर डोळे लावून बसलो. तिथून ओसरी समोर दिसत होती.

काकू ओसरीवर आल्या. भांडी घासून झाली असावीत. पदरानं हात कोरडे केले, पुन्हा एकदा केले. काकांच्या रबरी चपला पायात सरकवल्या. स्विचसमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि एका बोटानं पिवळं बटण दाबलं. खट्! काकूंनी समाधानानं मान हलवली, चपला जागच्या जागी ठेवल्या आणि आत जाऊन हाक दिली, "आवो, लाईट गेली!"

मला हसू फुटलं. काकांकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"आधीच्या जुन्या कूलरमंदी पाणी भरताना तिले करंट लागला होता," काका हळूच म्हणाले. "फेकली गेली होती. मी हसलो गा. म्हटलं, आंग मोकळं झालं. तवापासून कूलर चालू असला का ती दुपारची झोपत नाही. पोरगी जवळ, नात जवळ. डबा पडते का नाही, रोज पाहून राहिली. मले काहून सांगन? मी हसलो होतो ना."

आतून पुन्हा हाक आली. काका उठले, मुकाट्यानं दांडी वर केली. जबाब नाही, चौकशी नाही.

रविवारी जावई आले. जेवणं झाल्यावर काका ओसरीवर स्टूल टाकून बसले, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. काकू आल्या, थबकल्या. काकांनी मान वर केली नाही. चपला मात्र पायातून काढून त्यांच्याकडे सरकवल्या. खट्! काकू आत वळल्या न वळल्या तोच काकांनी दांडी वर केली. कूलरची पाती थांबायलाही वेळ मिळाला नाही. बाळ जागं झालं नाही. हाकही आली नाही.

"चालून राहिला की!" जावई बाहेर येत म्हणाले. "मामाजी, फॉल्ट कशात होता?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"काही सापडलं नाही बुवा. कूलरच तसा आहे. वस्तूचा काय भरोसा?"

मी काकांकडे पाहत राहिलो. जावई हसून आत गेले आणि दोघींना न्यायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. थोड्या वेळानं मी खिडकीतून डोकावलो. कूलरच्या वाऱ्यात मंदा झोपली होती, बाळ झोपलं होतं, आणि त्या दोघींच्या कुशीला, तोंड किंचित उघडं टाकून, काकू घोरत होत्या.