मंगळ उलटा का चालतो

एका जंगलात, बाळांनो, सूर्य, चंद्र आणि झाडून सगळे ग्रह सिंहमहाराजांच्या गुहेभोवती फिरत. तसं महाराजांनीच सांगितलं होतं. महाराजांना दातही होते, त्यामुळे कोणाला शंका नव्हती.

एक मंगळ तेवढा वाकडा. सरळ चालता चालता तो मध्येच वक्री व्हायचा, म्हणजे उलटा चालू लागायचा. मग राजज्योतिषी कोल्होपंत पंचांग उघडत आणि म्हणत, "मंगळ कोपलाय. शांती करावी लागेल." शांतीसाठी एक प्राणी गुहेत जाई. तो काही परत येत नसे, पण थोड्या दिवसांनी मंगळ सरळ होई. शास्त्र शास्त्र म्हणतात ते हेच.

यंदा पाळी आली ठुमकी हरिणीची. बिचारी रडत रडत तळ्याकडे पळत सुटली. वाटेत कासवदादा त्याच दिशेने निघाले होते. त्यांना मागे टाकताना ठुमकीने पाहिलं, तर दादा पलीकडच्या टेकडीसमोर उलटे सरकताना दिसले.

"दादा, उलटे कुठे निघालात?"

"मी कशाला उलटा जातोय? तूच पुढे गेलीस की, बाई."

ठुमकीचं रडू थांबलं. मंगळही उलटा जात नसेल, आपणच त्याला मागे टाकत असू. म्हणजे आपणही फिरतोय. पण कशाभोवती? तिने खुराने वाळूत गोल काढले, मध्ये सूर्य ठेवला आणि सगळं जुळलं.

तिने दरबारात हे सांगताच हत्ती हसला. "मी फिरत असतो तर मला धाप नसती लागली?"

महाराज हसले नाहीत. "म्हणजे मध्यभागी मी नाही?"

ठुमकीच्या ध्यानात आलं. शांतीच्या आधी सत्यच जीव घेणार होतं.

"महाराज, आपली रास कोणती?"

"सिंह."

"आणि तिचा स्वामी?"

"सूर्य," कोल्होपंत पंचांगात बघून म्हणाले.

"मग मध्ये आपल्याच घरचं कोणी बसलंय ना? आजवर आपण त्याला उगाच पायपीट करायला लावली."

महाराज खुलले. तिथल्या तिथे हुकूम सुटला, की उद्या सकाळपासून पृथ्वीने सूर्याभोवती फिरावं.

शांती रद्द झाली. जेवणाची वेळ मात्र रद्द झाली नव्हती. महाराज म्हणाले, "हा शोध लावणाऱ्याचा सत्कार गुहेत करू."

ठुमकी दोन पावलं मागे सरली. कोल्होपंत चार पावलं पुढे आले. "शोध आमचाच, महाराज. आजोबांच्या पोथीत आहे."

"पंतांचाच आहे," ठुमकी अगदी मनापासून म्हणाली.

पंत शाल पांघरून आत गेले. बाहेर शाल तेवढी आली.

तात्पर्य: सत्य शोधायला कधी भिऊ नये. श्रेय लाटणारा एक जण तेवढा जवळ असू द्यावा.