पंचवीस अनोळखी गृहस्थ

"ह्यो कोण?" मागावरून उतरलेलं वॉलहँगिंग उलगडताच कारखान्याचे मालक गुरप्पाशेठ ओरडले.

गिऱ्हाईक अण्णारावांच्या वडिलांच्या पहिल्या पुण्यतिथीला पाहुण्यांना वाटायला वडिलांच्या चित्राचे पंचवीस नग विणायचे होते. वडील म्हणजे फेटा, झुपकेदार मिशी. विणून आले ते भलतेच गृहस्थ. खांद्यापर्यंत कुरळे केस, गळ्याला जाळीदार कॉलर, मागं काळामिट्ट अंधार आणि अर्ध्याच चेहऱ्यावर उजेड. पंचवीसच्या पंचवीस!

डिझाइन करणाऱ्या शाइस्तानं त्यांना लगेच ओळखलं. म्हणजे ते कोण, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. विलायतेतलं जुनं चित्र होतं. धाग्यात असा उजेड पकडता येतो का, हे बघायला तिनं दोन महिने जेवणाच्या सुट्टीत ते कॉम्प्युटरवर बसवलं होतं. काल ती रजेवर होती आणि शेठनी घाईत स्वतःच मागावर फाइल चढवली होती.

"फाइलीला 'जुना माणूस' नाव कशाला दिलंस?"

"जुनाच हाय की. चारशे वर्षांचा."

"आता अण्णाराव येतील. चूक तुझी म्हणून सांग, आन् ह्याची कापून फडकी कर."

"चूक तुमची, शेठ. आन् कापू तर मी देणारच न्हाय," म्हणत शाइस्ता सरळ गठ्ठ्यावर जाऊन बसली. नोकरी जाईल हे ठाऊक होतं, पण ती उठली नाही.

तेवढ्यात अण्णाराव आले, सोबत आई मल्लव्वा. शेठ घाईघाईनं म्हणाले, "तरुणपणचे दिसतात की नाही?"

"माझ्या बापानं केस कधी वाढवले हो?" अण्णाराव कडाडले.

"खोटं हाय, आजी," शाइस्ता म्हणाली. "हे तुमचे मालक न्हाईत. कोण हायेत, कुणालाच म्हाईत न्हाय. पण काम माझं हाय, आन् चांगलं हाय."

मल्लव्वांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "यव्वा, डोळं बघ की! समोरच्याचं ऐकून घेतोय. तुझ्या बापानं पन्नास वर्षांत माझं एक वाक्य पुरं ऐकलं न्हाय."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. उद्या ह्येच वाटायचे."

दुसऱ्या दिवशी जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी शाइस्ताला खास बोलावणं होतं. हॉलमधल्या भिंतीवर गृहस्थ झळकत होते. सासरकडची मंडळी कुजबुजत होती. शेवटी थोरल्या दिरांनी विचारलंच, "वहिनी, हे कोण?"

"माझ्या माहेरचे," मल्लव्वा ठणकावून म्हणाल्या.

पन्नास वर्षांत त्यांच्या माहेरच्यांची ओळख कुणी करून घेतली होती? आता कुठल्या तोंडानं विचारणार?

दिरांनी घसा खाकरला. मान हलवत म्हणाले, "व्हय व्हय, तुमच्या लग्नात पंगतीला वाढत हुते बघा."