अंगानं जागा मोजणारे कोळेकरमामा

आमच्या खालच्या मजल्यावरचे कोळेकरमामा कुठलीही जागा आडवं पडून मोजतात. पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मी चहा टाकायला आत गेले. परत येते तो मामा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उताणे. "इथं सात माणसं निजतील, ताई." मला सात माणसं नको होती. फरशी कोरडी हवी होती.

लहानपणी गंगापूरकडे मेंढरांमागे हिंडताना मुक्कामाची जागा अशीच बघायचे म्हणे. ठीक आहे. पण आता ते मुकुंदवाडीत, बिनलिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात.

गेल्या महिन्यात कौसामामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे जमिनीवर झोपायचं नाही. दोघं जन्मभर खाली अंथरूण टाकून झोपलेली. घरात पलंगच नव्हता. मी यादी करून दिली: खोली, दार, जिन्याची रुंदी, जिन्याचं वळण, पलंगाची उंची. वर माझी टेपही दिली. मामांनी यादीची घडी करून टोपीत ठेवली, टेप परत केली. "फीत खोटं बोलंल ताई, आंग नाय बोलणार."

औरंगपुऱ्यात पलंग घ्यायला मी सोबत गेले, हा माझा मूर्खपणा. मामांनी दुकानदारालाच पलंगावर झोपवलं, स्वतः शेजारी फरशीवर पडले आणि म्हणाले, "आता हात खाली सोडा, सायेब." दुकानदाराचा हात मामांच्या खांद्यावर आला. "लई बेस. ह्योच द्या." गिऱ्हाइकं हसत होती. मी यांना ओळखत नाही, अशा थाटात छताचे पंखे मोजत उभी राहिले.

गुरुवारी पलंग आला आणि जिन्याच्या वळणावर अडकला. अखंड सागवानी धूड. शुक्रवारी मामी दवाखान्यातून घरी येणार आणि पलंग असा मध्येच. सगळी इमारत भाजीच्या पिशव्या घेऊन त्याच्याखालून वाकून जात होती. माझं डोकं फिरलं.

"मामा, जिना मोजला होता का?"

"जिन्यात कुणाला निजायचंय व्हय?"

मी टेप लावली. आठ इंच कमी. माझ्या यादीतला चौथा मुद्दा. सुताराला बोलावलं, उशाकडची फळी उतरवायला लावली, पलंग तिरका करून चढवला. मामा पायरीवर बसून म्हणाले, "बघा, बसत व्हता की." मला जे सुचलं होतं ते जिन्यात बोलण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी मामींना पलंगावर निजवलं. मामांनी पलंग आणि भिंतीच्या मध्ये वाकळ अंथरली आणि तिच्यावर आडवे झाले. "सोड गं हात."

मामींचा हात खाली आला आणि मामांच्या खांद्यापासून वीतभर वर लोंबत राहिला. दुकानदार चांगला उंचापुरा होता. मामी माझ्या खांद्याला लागतात.

टेप घेऊन मी दारातच उभी होते. सुनावायची सगळी तयारी झाली होती.

"रातीला दुखलं तर ही हाक नाय मारत," मामा वर न बघता म्हणाले. "हात लावती. तेवढंच मोजलं व्हतं."

मी वर गेले, माळ्यावरच्या दोन गोधड्या काढून आणल्या. मामांनी त्या खाली घातल्या, पुन्हा पडले.

"अजून एक," मामी म्हणाल्या.

तिसरी आणली. मामींची बोटं टेकली.

उशाकडची फळी अजून जिन्यातच उभी होती. मी ती आणायला गेले.