पदरातला काटा

टायर घ्यायला निघाल्या की ताराकाकू एकवेळ पैसे विसरतील, पण काटा विसरणार नाहीत. पदराच्या गाठीत बाभळीचा एक लांब, वाळलेला काटा कायम असतो. दुकानात शिरायचं, भाव विचारायचा नाही, कंपनी विचारायची नाही. टायर मांडीवर आडवा घ्यायचा आणि काटा थेट त्याच्या पोटात खुपसायचा. आत गेला की टायर दुकानदाराच्या अंगावर परत. डहाणूचा एक दुकानदार तर काकू लांबून दिसल्या की शटर अर्धं खाली ओढायचा. काकू वाकून आत शिरायच्या.

बोर्डीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. समोर काकूंचं घर आणि त्याला लागून त्यांच्या थोरल्या भावाची, अण्णांची, चिकूवाडी. त्यामुळे गिऱ्हाईक नसलं तरी माझी करमणूक होते. नवरा गेल्यावर काकू माहेरी परतल्या, वडिलांनी नावावर ठेवलेल्या तुकड्यात भाजी लावली आणि वेल्डरच्या उरावर बसून एक सायकल बनवून घेतली. पुढे लोखंडी पेटी, मागे हातभर लांब कॅरियर. तिच्यावर भाजी, नारळ, चिकू लादून त्या रोज सकाळी घोलवडच्या बाजारात जातात. तिला सायकल म्हटलेलं त्यांना खपत नाही, गाडी म्हणायचं. कुणी वय विचारलंच तर म्हणतात, "गाडीचं की माझं?"

"माझी हवा काढणारा अजून जन्माला यायचाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रिक्षावाले, दलाल, मुलासाठी स्थळं आणणारे, सगळ्यांनी ते ऐकलंय. मीही ऐकलंय, आणि ते का, ते इथे सांगायची गरज नाही.

पण गेल्या दिवाळीनंतर हवा गेलीच. भरल्या पेटीसकट रस्त्यात पंक्चर. दुसरी कुणी असती तर टेम्पो थांबवला असता. काकूंनी भर उन्हात गाडी ढकलत नेली आणि बाजाराच्या तोंडाशी चक्कर येऊन पडल्या. पडता पडता नारळ मोजून घ्या म्हणाल्या म्हणे. संध्याकाळी त्यांचा मुलगा मिलिंद वापीहून हजर. तिथे कंपनीत नोकरी, फ्लॅट, लिफ्ट, सगळं आहे. आईसाठी खोलीही रंगवून ठेवलेली. तो काही वाईट मुलगा नाही हो, घाबरला होता बिचारा.

मायलेकांची जुंपली आणि शेवटी पैज लागली. चैत्रातल्या महालक्ष्मीच्या जत्रेपर्यंत एक जरी पंक्चर झालं, तर गाडी भंगारात आणि काकू वापीला. नाही झालं, तर हा विषय मिलिंदने पुन्हा तोंडातून काढायचा नाही. मिलिंद लगेच हो म्हणाला. त्याला मामाची वई माहीत होती.

वई म्हणजे वाडीचं कुंपण. अण्णांची वई विलायती चिंचेची, अंगभर काटे. थंडी सुरू झाली की अण्णा स्वतः कोयता घेऊन ती छाटतात, आणि निम्म्या फांद्या आत पडतात, निम्म्या रस्त्यावर. याच वईच्या हद्दीवरून, दोन चिकूच्या झाडांपायी, बहीणभावाचं बोलणं बंद. बंद म्हणजे काय, समोरासमोर बंद. काकू गाडीला सांगतात, "बघ गं, काही माणसांना रस्ता आणि उकिरडा यातला फरक कळत नाही." अण्णा पलीकडून कुत्र्याला सांगतात, "ऐकलंस? आजकाल सायकलीही भांडतात." गावात बोलायचे की अण्णा मुद्दाम काटे टाकतात. बहीण वापीला गेली की दोन्ही झाडं त्यांचीच. मलाही ते पटलं होतं. अण्णा माणूसच तसा. साखरेपायी पायाचं एक बोट कापावं लागलं, तरी सकाळी अनवाणीच समुद्रावर फेरी मारणार. आपल्या मातीत चपला कशाला, हा हट्ट.

तर पैज लागली आणि काकूंनी टायरांचा पिच्छा पुरवला. पहिला टायर खोल नक्षीचा, डोंगरावर चालणारा म्हणून दुकानदाराने माथी मारलेला. काकू म्हणाल्या, "नक्षी बघत काटा थांबणार आहे का?" मग साध्या टायरच्या आत जुन्या टायरची पट्टी अस्तरासारखी घातली. काटा अडला, पण गाडी म्हशीसारखी जड झाली. मग हवाच न लागणारा भरीव टायर आला. त्याला पंक्चर होणं शक्यच नव्हतं. पण खड्ड्यातला एकेक दणका थेट पेटीत. घोलवडला पोचेपर्यंत पिकल्या चिकूचं शिकरण झालं आणि काकूंची कंबर धरली. त्या रात्री मिलिंदचा फोन आला, तेव्हा मात्र कंबर शेकत असतानाच त्यांनी त्याला सांगितलं की आत्ताच बाजारात फुगडी घालून आले.

शेवटी मला बरोबर घेऊन त्या एसटीने तलासरीला गेल्या. हायवेजवळ एका गुजराती दुकानदाराकडे मालवाहू सायकलींचे टायर मिळतात असं कळलं होतं. त्याने जाड पोटाचा टायर काढला. वरच्या रबराखाली आणखी एक जाड थर, कडा ओझं पेलणाऱ्या, आणि हवा नीट भरलेली ठेवायची एवढीच अट. काकूंनी गाठ सोडली. काटा रोवला, दाबला, आणि अख्खा अंगठा टेकवून जोर केला. काटा मोडला.

"काकी, कांटो तूटी गयो," दुकानदार हळूच म्हणाला.

"तुटणारच," काकू म्हणाल्या. "आता भाव बोल."

तो टायर चढला, पण काकूंनी विश्वास टाकला नाही. रोज सकाळी वईजवळच्या वळणावर उतरायच्या आणि खराट्याने वईखालचा रस्ता झाडायच्या. सुटे काटे बोटांनी उचलून पेटीतल्या डब्यात टाकायच्या. तोंडाने अण्णांचा उद्धार चालूच. पैजेसाठी बाई काय काय करते, असं म्हणत मी चहा प्यायचो. नापास झालेल्या टायरांच्या त्यांनी मोच्याकडून चपला करून घेतल्या होत्या. तसलाच एक जोड अण्णांच्या फाटकावर टांगलेला असायचा. नजर लागू नये म्हणून अण्णांनी बांधला असेल, असं मी धरून चाललो होतो.

जत्रा आली आणि गेली. मिलिंद आला, उकिडवा बसून दोन्ही टायर दाबून बघितले, पंक्चरवाल्याकडे जाऊन चौकशी करून आला. मग आईच्या पाया पडला आणि विषय संपला. काकूंनी त्याला चिकूची पेटी दिली आणि ती खोली भाड्याने देऊन टाक म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काकू वळणावर. हातात खराटा.

मी रस्ता ओलांडून गेलो. म्हटलं, काकू, पैज जिंकलात, टायरला काटा लागत नाही, आता हे कशाला?

"टायर माझे आहेत," त्या म्हणाल्या. वर बघितलंही नाही. "पाय त्याचे आहेत."

मग झाडता झाडताच बोलल्या. बोट कापलं त्याच्या आधी त्यांना रस्त्यावर रक्ताचे ठसे दिसले होते. वळणापासून पार समुद्रापर्यंत. काटा पायात मोडला होता आणि अण्णांना पत्ताच नव्हता, साखरेने पाय बधिर झालेले. चपला करून फाटकावर टांगल्या, तर घालत नाही मेला. "मी वापीला गेले तर हे उचलणार कोण? सांग ना. लिफ्टमधून उचलू?" मग त्या माझ्यावरच खेकसल्या, "आणि गावात बोललास तर याद राख."

तेवढ्यात फाटक वाजलं. अण्णा बाहेर आले, अनवाणी, जरासे लंगडत. बहिणीला रस्ता झाडताना बघून कुत्र्याकडे वळणार होते, पण कुत्रा नेमका कुठेतरी गेला होता.

"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांनी, सरळ तिच्याकडे बघून.

"हो," काकू म्हणाल्या. "तुझ्याही बापाचा."

आणि टांग मारून, भरली पेटी घेऊन निघून गेल्या. अण्णा झाडलेल्या रस्त्यावर थोडे चालून गेले, थांबले, मागे आले. फाटकावरच्या चपला काढल्या. आता घालतात असं मला वाटलं. पण भाऊही त्याच बापाचा. त्यांनी धोतराच्या सोग्याने चपलांची धूळ पुसली, त्यांच्या दोन्ही तळांवरून हलकेच अंगठा फिरवला, आणि त्या होत्या तिथे पुन्हा टांगून ठेवल्या.