झोपा तुम्ही, मी आहे

आमच्या शेजारचे सोनावणे काका अनोळखी माणसांना झोपेतून उठवतात. खोडी म्हणून नाही. समोरचा माणूस झोपलाय आणि त्याची उठायची वेळ होत आलीय, एवढं दिसलं की त्यांचा जीव खाली-वर होतो. मग तो माणूस कोण, कुठला, त्याला खरंच उठायचंय का, हे सगळं नंतर.

बाळकुमहून ठाणे स्टेशनला जाणाऱ्या बसमध्ये मी हे पहिल्यांदा पाहिलं. खिडकीशी एक गृहस्थ मान टाकून झोपलेले. काका मागच्या सीटवरून उठले, त्यांच्यापासून हातभर लांब उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "कापूरबावडी आली. उतरायचंय का?" गृहस्थांनी डोळे न उघडता मान हलवली. काका जागेवर येऊन बसले. पुढच्या स्टॉपला परत उठले. त्याच्या पुढच्यालाही. पाचव्या खेपेला गृहस्थ कळवळून म्हणाले, "अहो काका, मला स्टेशनलाच उतरायचंय."

"मग आधी नाही का सांगायचं," काका म्हणाले. "बिनधास्त झोपू दिलं असतं."

सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात तर त्यांनी प्रमुख पाहुण्यांना उठवलं. सेक्रेटरींचं अहवालवाचन चाललेलं, आणि पाहुणे स्टेजवर गाढ. काका पहिल्या रांगेतून उठून सरळ स्टेजवर गेले आणि वाकून म्हणाले, "साहेब, अजून सात मिनिटं आहेत. तोंड धुवायला नळ डाव्या हाताला आहे." हे सगळं माइकसमोर. पाहुणे भले होते, खरंच तोंड धुऊन आले आणि चांगलं बोलले.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटवर बसायचं, कामगारांची हजेरी घ्यायची, उशीर झाला की लेट मार्क मारायचा. अशा माणसावर कोणी जीव टाकत नाही. पण त्यांच्या निरोपाला म्हणे अख्खी पहिली पाळी थांबलेली. कारण हे गृहस्थ पहाटे उठून आधी कामगारांच्या चाळीत एक फेरी मारायचे, दारं वाजवून झोपलेल्यांना उठवायचे आणि मग गेटवर जाऊन रजिस्टर उघडायचे. मी एकदा विचारलं, हा उपद्व्याप कशाला? तर म्हणाले, "ताई, लेट मार्क मारणारा हात माझाच. मग उठवायचं कोणी?"

उठवण्याचंही त्यांचं एक शास्त्र आहे. माणसाला हात लावायचा नाही. मोठ्याने बोलायचं नाही. आधी नुसतं जवळ उभं राहायचं, मग वेळ सांगायची. तरीही नाही उठला, तर खुर्चीच्या दांडीवर बोटाने दोन टिचक्या. "माणूस दचकून उठला तर चूक उठवणाऱ्याची," असं ते सांगतात.

मागच्या उन्हाळ्यात मी मँचेस्टरला बहिणीकडे निघाले होते. काकांचा मुलगा मिलिंद त्याच शहरात असतो. त्याने मला फोन केला. "ताई, बाबांचं तिकीट तुमच्याच विमानाचं काढू का? त्यांना सोबत होईल." मी हो म्हणाले. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत दिवसभर पोरांना गप्प बसवण्यात माझी वर्षं गेली आहेत. एका म्हाताऱ्या माणसाचं काय अवघड, असं वाटलं.

वाटेत दोह्याला साडेआठ तास थांबायचं होतं. पहाटे साडेपाचला उतरलो, पुढचं विमान दुपारी दोनला. मी वेळ घालवायची सगळी तयारी केलेली. एक जाड कादंबरी, विणकामाची पिशवी, खाकरे. काकांनी आधी पूर्ण टर्मिनलची पायी पाहणी केली. तासाभराने परत आले तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"ताई, इथे विमानं पुकारत नाहीत."

"बोर्डावर दिसतं की, काका."

"झोपलेल्या माणसाला बोर्ड कसा दिसणार?" त्यांनी मागे हात केला. पलीकडे आडवं होता येणाऱ्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि तिथे शंभरेक माणसं झोपलेली. कोणी तोंडावर टॉवेल घेतलेला, कोणी बुटांची उशी केलेली. "एवढी माणसं, आणि उठवायला कोणी नाही," ते म्हणाले.

मी समजले. पण थांबवायला उशीर झालेला. काकांनी खिशातून छोटी वही काढली होती.

झोपलेल्यांना विचारता येत नाही, म्हणून त्यांनी झोपायच्या बेतात असलेल्यांना गाठायला सुरुवात केली. हिंदी चालेल तिथे हिंदी, नाही चाललं तर मनगटावरच्या घड्याळावर बोट. "फ्लाइट? टाइम? सो जाओ आप. मैं हूँ." वहीत नोंदी पडायला लागल्या. लाल टोपी, ढाका, सव्वानऊ. दोन पोरींची आई, कोची, अकरा चाळीस. निळा शर्ट, नैरोबी, अकरा. एक धिप्पाड गोरा माणूस त्यांना विमानतळाचे कर्मचारी समजला आणि कॉफीच्या मशीनची तक्रार सांगू लागला. काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि खाली त्याचीही वेळ लिहिली.

मी चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसले. खोटं कशाला सांगू, ओळख दाखवायची नव्हती.

साडेआठला लाल टोपीला उठवलं. तो घाबराघुबरा उठला, बोर्डाकडे पाहिलं, काकांचे दोन्ही हात हातात घेतले आणि पळाला. मग एकदा गडबड झाली. निळे शर्ट दोन निघाले. ज्याला उठवलं त्याचं विमान संध्याकाळचं होतं. काकांना फार वाईट वाटलं. त्यांनी त्याला माझे खाकरे दिले. माझे, हे मला नंतर पिशवी उघडल्यावर कळलं. त्या माणसाची झोप काही परत येईना. मग तो काकांच्या मागे मागे हिंडायला लागला आणि बोर्ड वाचून दाखवायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं.

दहाच्या सुमारास एक सुरक्षारक्षक आला. मी कादंबरीत डोकं खुपसलं. त्याने इंग्रजीत विचारलं, "सर, तुम्ही प्रवाशांना काय विचारताय?" काकांनी वही पुढे केली. रक्षकाने पान वाचलं, उलटलं, मागचं वाचलं. एकदा खुर्च्यांकडे पाहिलं. वही परत दिली आणि निघून गेला. अर्ध्या तासाने परत आला तो सांगायला, की कोचीचं गेट बदललंय.

त्या रांगेच्या शेवटी एक बाई ताठ बसलेली होती. तिशीची असेल. मांडीवर पिशवी, पिशवीवर पासपोर्ट घट्ट धरलेला. डोळे लाल. काकांनी विचारपूस केली. नेपाळची होती, इकडे कुठल्याशा घरी कामाला. आई अत्यवस्थ म्हणून सुट्टी मिळालेली. दोन रात्री झोपली नव्हती. विमान सव्वा वाजता.

"थोडा सो जाओ, बेटी."

"नहीं बाबा. छूट गया तो?"

"कैसे छूटेगा? मैं हूँ ना."

तिने मान हलवली. काकांनी आग्रह केला नाही. नुसते तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले, घड्याळ मनगटावरून काढून हातात धरलं आणि समोर बघत राहिले. दहा-पंधरा मिनिटांनी मी कादंबरीतून वर पाहिलं तर ती बाई खांद्यावर मान टाकून झोपलेली, तोंड किंचित उघडं. काका जागचे हलत नव्हते. लघवीलाही गेले नाहीत. बाकीच्यांना उठवायला त्यांनी निळ्या शर्टाला पाठवलं, आणि हात लावायचा नाही असं खुणेने तीनदा समजावलं.

बारा वाजता त्यांनी तिला उठवलं. गेट फार लांब, मधे विमानतळाच्या आतलीच एक छोटी गाडी पकडावी लागते. तिला बोर्ड वाचता येत नव्हता. काका म्हणाले, "सोडून येतो." मी म्हणाले, "काका, आपल्याला एक वाजता आत जायचंय." "येतो ना," म्हणाले आणि तिची पिशवी उचलून चालू लागले.

पाऊण वाजला. एक झाला. आमच्या विमानाची रांग लागली. काकांचा फोन बंद होता, तो त्यांनी मुंबईतच नियमाप्रमाणे बंद केलेला आणि चालू करायचं विसरलेले. सव्वाला रांग अर्धी झाली. मी गेटवरच्या मुलीला सांगितलं, माझ्याबरोबर एक वयस्कर गृहस्थ आहेत, येतीलच. ती म्हणाली, दीड वाजता दार बंद. मिलिंदला काय सांगणार होते मी? तुझे वडील एका अनोळखी बाईला पोचवायला गेले आणि मी कादंबरी वाचत बसले?

एक सव्वीसला काका आले. धावत नाही, चालत.

मी आयुष्यात कोणा मोठ्या माणसावर ओरडले नाही, पण तेव्हा ओरडले. "जगाला उठवता आणि स्वतःचं विमान सोडता? काही झालं असतं म्हणजे?"

"चार मिनिटं आहेत की," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "ती घाबरलेली, ताई. म्हणाली, बाबा, मी आत जाईपर्यंत दिसत राहा. तिच्या रांगेला वेळ लागला. मी काय करणार?"

विमानात पहिला तासभर मी तोंडासमोर कादंबरी धरून बसले. जेवणाचे ट्रे आले. काकांनी त्यांच्या ट्रेमधली गोड वडी माझ्या ट्रेमध्ये ठेवली. खाकऱ्यांची भरपाई असावी. मग मीच विचारलं, "काका, हे सगळं कशासाठी हो? कारखाना सुटून किती वर्षं झाली."

त्यांनी ट्रेमधला चमचा सरळ करून ठेवला.

"इंदू नर्स होती, तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. काकू कल्याणला एका इस्पितळात होत्या, मी त्यांना निवृत्तीनंतरच पाहिलेलं. "कधी सकाळची ड्युटी, कधी दुपारची, कधी रात्रीची. झोपायची वेळ रोज वेगळी. पण तिने घरात गजराचं घड्याळ येऊ दिलं नाही. म्हणायची, गजर लावला की झोप लागत नाही, तो कधी वाजतोय म्हणून जागी पडून राहते. तुम्ही असलात की लागते."

"मग तुम्ही उठवायचात."

"रोज. तिला एकदासुद्धा लेट मार्क नाही." हे सांगताना ते थोडे हसले. "शेवटी शेवटी आजारात औषधांनी झोपायची, तेव्हाही विचारायची, किती वाजता उठवाल? मी म्हणायचो, चारला. चहाला. मग निवांत डोळे मिटायची."

हवाई सुंदरी ट्रे घेऊन गेली.

"आता चार वर्षं झाली. घरात झोपणारा मी एकटा. आणि मला काही उठायचं नसतं."

"मिलिंदकडे बरं वाटत असेल ना?"

"चांगलीच आहेत हो पोरं. सून चांगली, नात चांगली. सगळं हातात देतात. पण तिकडे तीन खोल्यांत तीन फोन वाजतात पहाटे. मी आधीच आवरून सोफ्यावर बसलेला असतो. सगळे उठतात, बाय आजोबा, बाय बाबा, आणि जातात." त्यांनी पट्टा नीट केला. "माणूस कोणाच्याही समोर जेवतो, ताई. झोपत नाही कोणाच्याही समोर."

मी सीट मागे केली आणि म्हणाले, "काका, मी जरा पडते. उतरायच्या आधी अर्धा तास उठवा." मला झोप आलेलीच नव्हती, पण लागली. इतकी गाढ की दांडीवर टिचक्या वाजवाव्या लागल्या.

मँचेस्टरला उतरलो तेव्हा संध्याकाळचं लख्ख ऊन होतं. मिलिंद आणि त्याची पंधरा वर्षांची मुलगी प्राची घ्यायला आलेली. काका सामान मोजत होते तेवढ्यात मी मिलिंदला म्हणाले, "अरे, एक ऐकशील? सकाळी बाबांना उठवायला सांगत जा."

तो हसला. "फोन आहे की, ताई. उलट मी त्यांना सांगतो, आराम करा, तुम्ही कशाला लवकर उठता."

मग मी त्याला तिथेच, ट्रॉलीला टेकून, विमानात ऐकलेलं थोडक्यात सांगितलं. गजराच्या घड्याळाचं, चारच्या चहाचं. तो म्हणाला, "आई असं विचारायची, हे मला माहीतच नव्हतं." प्राची कानात ते पांढरं काहीतरी घालून उभी होती. तिला मराठी किती कळतं मला ठाऊक नाही. ती आमच्याकडे बघतही नव्हती.

मी तीन आठवड्यांनी परतले. काका सहा महिने राहणार होते. जुलैत सोसायटीत नळाचे पाइप बदलायचं काम निघालं आणि त्यांच्या घरात प्लंबरला सोडायचं होतं. एका सकाळी साडेदहाला मी लायब्ररीतून त्यांना फोन लावला. तिकडचे किती वाजले असतील हे लक्षात आलं तोपर्यंत पहिल्याच रिंगला त्यांनी उचललेला.

"बोला ताई." आवाज अगदी कुजबुजता.

"काका, बरं नाही का? आवाज असा का येतोय?"

"मी बरा आहे. प्राची झोपलीय, तिच्या दाराशी खुर्ची टाकून बसलोय. पोहायला जाते ती सकाळची. सव्वासहाला उठवायचंय."

"तिचा फोन बिघडला का?"

"नाही हो. खाली स्वयंपाकघरात ठेवून येते रात्री. मी आल्या दिवसापासून. मला म्हणाली, आजोबा, आय कान्ट वेक अप, यू डू इट." इंग्रजी शब्द त्यांनी एकेक जपून उच्चारले. "उठत नाही लवकर. तीनदा सांगावं लागतं. आजीवर गेलीय."

मी पाइपांचं सांगायला लागले. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं.

"सावकाश करतो मी फोन. बोलण्याने जाग येईल तिला." आणि मग, ठेवता ठेवता, "अजून चौदा मिनिटं आहेत पोरीची."